घरच्या संगणकावर लिनक्स: एकदा नीट बसवा, मग हात लावू नका

घरच्या संगणकावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, चढवणं आता अवघड राहिलेलं नाही, तासाभरात होतं. घाम निघतो तो नंतर. घरातल्या ज्या माणसाला 'कर्नल' (प्रणालीचा गाभा) या शब्दाशी काडीचं देणंघेणं नाही, त्याने तो संगणक वर्षभर कुरकुर न करता वापरला पाहिजे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चांगले चालणारे, पण विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी संगणक त्या दिवशी अडगळीच्या वाटेला लागले. त्यातला एखादा तुम्ही घरच्यांसाठी लिनक्सवर आणणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरगुती लिनक्स स्थिर राहतं ते त्यात कमीत कमी ढवळाढवळ केल्याने. हौशी माणसाचे हात सारखे शिवशिवतात: नवी थीम, नवा कर्नल, कुणीतरी सांगितलेली 'वेग वाढवणारी' सेटिंग. ही हौस स्वतःच्या यंत्रावर मनसोक्त भागवा. घरच्यांच्या यंत्रावर नाही.

आधी माणसाचा वापर बघा

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एखादा तयार संच, निवडण्याआधी दोन-चार दिवस तो माणूस संगणकावर काय करतो ते नुसतं बघा. ब्राउझर, मेल, फोटो, व्हिडिओ कॉल, अधूनमधून एखादं पत्र टाइप करून छापणं एवढंच असेल, तर पुढे जायला हरकत नाही. पण मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेलच्या फाइल्स असतील, फोटोशॉपशी पोटापाण्याचा संबंध असेल, किंवा डिजिटल सहीचं एखादं यूएसबी टोकन विंडोजच्याच ड्रायव्हरवर चालत असेल, तर सरळ नाही म्हणा. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर) चालवून बघू, असं म्हणून घरच्या माणसाचं काम टांगणीला लावू नये. खेळांचं चित्र २०१८ मध्ये स्टीम या खेळांच्या दुकानात प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं साधन, आल्यापासून खूप सुधारलं आहे, पण फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ लिनक्सवर आजही चालत नाहीत. मुलांचा नेमका तोच खेळ असेल, तर ते आधीच कळलेलं बरं.

यंत्राकडेही एक नजर टाका. लिनक्स मिंट हा डिस्ट्रो किमान २ जीबी रॅम मागतो आणि ४ जीबी असावी असं सुचवतो. माझ्या मते आजच्या ब्राउझरसाठी ८ जीबी हवी. आणि आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवा. कुठल्याही हलक्या डिस्ट्रोने जो फरक पडणार नाही, तो या एका बदलाने पडतो.

कंटाळवाणा डिस्ट्रो निवडा

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तेवढा वेळ घालवण्यासारखं इथे काही नाही. आर्चसारख्या डिस्ट्रोमध्ये बदल सतत येत राहतात, त्यामुळे कुठल्या सकाळी काय बदललेलं असेल ते सांगता येत नाही. फेडोरा उत्तम आहे, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांचं आयुष्य तर ९ महिन्यांचं. घरासाठी हवी ती दीर्घकाळ आधार असलेली, म्हणजे 'एलटीएस' आवृत्ती. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा-अपडेट मिळतात.

विंडोजची सवय असलेल्यांना मी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती देतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. पाच मिनिटांत माणूस रुळतो. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिचा आधार २०२९ पर्यंत आहे. यंत्र फारच जुनं असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. डेबियनही दगडासारखा स्थिर आहे, फक्त सुरुवातीला थोडी जास्त मेहनत लागते. यापैकी काहीही निवडा, आणि निवडल्यावर तुलनेचे व्हिडिओ बघणं बंद करा.

पेन ड्राइव्ह आणि खरी परीक्षा

आयएसओ फाइल (डिस्ट्रोची पूर्ण प्रत) मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिचा चेकसम (फाइल मूळचीच आहे का ते सांगणारा आकडा) ताडून बघा. ही औपचारिकता वाटते, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि १७.३ सिनॅमनच्या आयएसओचा दुवा बदलून मागचं दार ठेवलेली फाइल लोकांच्या गळ्यात मारली गेली होती. मग रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर लिहा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात असू द्या.

आता त्या पेन ड्राइव्हवरून संगणक बूट करा आणि काहीही न बसवता तो वापरा. या 'लाइव्ह' अवस्थेत डिस्कला धक्का लागत नाही. बहुतेक जण इथे वॉलपेपर बघतात आणि 'इन्स्टॉल' दाबतात. तसं करू नका, निदान एक तास इथे थांबा. वाय-फाय जोडा आणि एखादा लांबलचक व्हिडिओ लावून ते मध्येच तुटतं का बघा. आवाज स्पीकरमधून येतो का, हेडफोन खुपसल्यावर तिकडे जातो का? कॅमेरा, माइक, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, ब्लूटूथ, बाहेरचा पडदा, हे सगळं हाताने करून पाहा.

आणि लॅपटॉप असेल तर सगळ्यात महत्त्वाची परीक्षा झाकणाची. झाकण बंद करा, दहा मिनिटं थांबा, उघडा. पडदा उजळला का, वाय-फाय आपोआप परत आलं का, टचपॅड हलतोय का? हेच तीन-चार वेळा करा. बाकी सगळं चालत असूनही झोपलेला लॅपटॉप उठत नसेल, तर घरचा माणूस वैतागून आठवड्याभरात जुनं विंडोज मागेल. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) झोपेचा प्रकार बदलण्याची सोय असते, कधी बायोस अद्ययावत केल्याने प्रश्न सुटतो. एवढं करूनही जमत नसेल तर त्या यंत्राचा नाद सोडा. वाय-फाय चिपचं मात्र तसं नाही, यूएसबीचं छोटं वाय-फाय ॲडॅप्टर लावून काम भागतं.

बसवण्याच्या आधीची कामं

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून दोन-चार फाइल्स उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. ब्राउझरमधले पासवर्ड, बुकमार्क आणि मेलच्या स्थानिक फाइल्स हमखास राहून जातात.

विंडोज ठेवायचं असेल तर दोन गोष्टी आधीच उरका. बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. कित्येक लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू असतं, आणि सिक्युअर बूटची (फक्त मान्य सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी) सेटिंग हलवली की विंडोज ती की मागत उभं राहतं. दुसरं, विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिता येत नाही. तरीही सांगतो, घरच्या सामान्य माणसाच्या यंत्रावर दोन प्रणाली शेजारी-शेजारी ठेवू नयेत. सुरू करताना काय निवडायचं हा रोजचा गोंधळ, त्यात घड्याळाची भानगड: विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ, म्हणून इकडून तिकडे गेलं की वेळ चुकते. विंडोज लागणारच असेल तर जुनी डिस्क काढून जपून ठेवा आणि लिनक्स नव्या एसएसडीवर बसवा. परतीची वाट त्यात आपोआप राहते.

बसवताना

इथे फार सांगण्यासारखं नाही. मल्टिमीडिया कोडेक (व्हिडिओ-गाणी चालवायला लागणारे छोटे प्रोग्राम) बसवण्याचा चौकोन दिसेल त्यावर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ उघडणार नाहीत आणि 'लिनक्सवर व्हिडिओ चालत नाही' असा शिक्का बसेल. संपूर्ण डिस्क वापरण्याचा सोपा पर्याय घ्या, विभागांची कलाकुसर करत बसू नका. लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर एन्क्रिप्शन चालू करा, पण तो पासवर्ड हरवला तर फाइल्सही गेल्या, हे घरच्यांना नीट समजावून सांगा.

पहिलं खातं तुमच्या नावाने, प्रशासकाचं. वापरणाऱ्यासाठी नंतर वेगळं, साधं खातं उघडा. साध्या खात्यातून प्रणालीच्या फाइल्स बदलता येत नाहीत, त्यामुळे निम्मे अपघात होतच नाहीत.

पहिला तास

सुरू झाल्या-झाल्या सगळी अपडेट्स लावा आणि संगणक पुन्हा सुरू करा. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर प्रणालीतच असतात, तिथे काही करायचं नसतं. एनव्हिडिया असेल तर यादीत 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडा. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने बसवू नका. तो ड्रायव्हर पुढच्या कर्नल-अपडेटला मोडू शकतो.

सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक खाचखळगा आहे आणि नवखे त्यात हमखास अडखळतात. ड्रायव्हर बसवताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. तो लॉगिनचा नव्हे, एकदाच वापरायचा आहे. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडेच वापरा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते. संगणक पुन्हा सुरू झाला की निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबायला जेमतेम दहा सेकंद मिळतात. कळ दाबा, 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची नोंद करणं) निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'येस', तो पासवर्ड टाइप करा (टाइप करताना काहीही दिसत नाही, बिघाड समजू नका) आणि 'रीबूट'. ही दहा सेकंदं चुकली तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही. त्या वेळी चहा आणायला उठू नका.

लगेच पुढचं काम टाइमशिफ्टचं. हा प्रणालीचे स्नॅपशॉट घेतो. काही बिघडलं तर प्रणाली कालच्या अवस्थेत परत नेता येते. पद्धत 'आरसिंक' ठेवा, दररोजचे दोन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट पुरेत. पहिला स्नॅपशॉट बरीच जागा खातो, पुढचे फक्त बदललेल्या फाइल्सपुरते वाढतात. ते लिनक्सच्या फाइल-प्रणालीवरच ठेवता येतात, त्यामुळे विंडोजसाठी फॉरमॅट केलेली बाहेरची डिस्क इथे चालत नाही. आणि टाइमशिफ्ट घरच्यांचे फोटो-कागदपत्रं मुळात धरतच नाही. ते त्याचं काम नाही. त्यासाठी डेजा डुप हा बॅकअपचा प्रोग्राम वेगळा लावा आणि त्याला बाहेरची डिस्क नेमून द्या. या दोन कामांची गल्लत करणारे लोक प्रणाली वाचवतात आणि फोटो गमावतात.

सॉफ्टवेअर आणायचं ते दोनच जागांवरून

एक, डिस्ट्रोचं स्वतःचं भांडार. दोन, फ्लॅटहब, म्हणजे फ्लॅटपॅक या प्रकारातल्या ॲपचं भांडार. बस्स. दोन्ही मिंटच्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मध्ये एकत्र दिसतात. फ्लॅटपॅक जागा जास्त घेतं, पण ॲप आपल्या सगळ्या गरजा बरोबर घेऊन येतं आणि मूळ प्रणालीला हात लावत नाही, म्हणून नवी आवृत्ती हवी असेल तर तोच मार्ग बरा. मूळ निर्मात्याने न पडताळलेली फ्लॅटपॅक्स मिंट सुरुवातीला लपवून ठेवतं. ते तसंच राहू द्या. परकी भांडारं, म्हणजे पीपीए, जोडत सुटू नका. मोठ्या अपडेटच्या वेळी ज्या गाठी सुटत नाहीत त्यातल्या बऱ्याच तिथल्या असतात. आणि इंटरनेटवर सापडलेली, 'सुडो'ने (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या शब्दाने) सुरू होणारी ओळ अर्थ कळल्याशिवाय टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवायची नाही. या लेखात एकही आज्ञा दिलेली नाही ती मुद्दाम. एवढ्या कामाला टर्मिनल लागत नाही.

जिथे डोळ्याला खुपतं तिथे

प्रणाली चालते आणि प्रणाली नीटनेटकी वाटते, यात अंतर आहे. ते भरून काढायला अर्धा दिवस द्या.

पहिली तक्रार येते ती कागदपत्रांची. कुणीतरी कॅलिब्री फाँटमध्ये केलेली दोन पानांची फाइल लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या मोफत संचात) उघडते आणि तीन ओळी तिसऱ्या पानावर सांडतात. तक्ता मध्येच तुटतो. दोष लिब्रेऑफिसच्या माथी मारला जातो, पण पुष्कळदा कारण असतं फाँट नसणं. कार्लिटो हा फाँट कॅलिब्रीच्या आणि कॅलाडिया हा कॅम्ब्रियाच्या मापाने बनवलेला आहे. अक्षरांची रुंदी तीच, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. नसतील तर दोन्ही बसवा. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशनचे फाँट बहुधा आधीच असतात. मग लिब्रेऑफिसच्या पर्यायांत जाऊन फाइल जतन करण्याचा ठरलेला प्रकार 'डॉक्स' (वर्डचा .docx) करा, म्हणजे पुढच्याला फाइल पाठवल्यावर ती उघडत नाही म्हणून फोन येणार नाही. वरच्या पट्टीची 'टॅब्ड' मांडणीही निवडून द्या, सवयीच्या जवळ जाते.

प्रिंटर गेल्या काही वर्षांतला आणि वाय-फायवरचा असेल तर तो ड्रायव्हरशिवाय आपोआप दिसतो. गंमत अशी की कधी तो दोनदा दिसतो, एक आपोआप आलेला आणि एक हाताने जोडलेला, आणि माणूस नेमका न छापणारा निवडतो. दोन्हींवर चाचणीचं पान काढा, चालतो तो 'डिफॉल्ट' करा, दुसरा काढून टाका. एचपीच्या जुन्या प्रिंटरसाठी एचपीलिप नावाचं पॅकेज भांडारात आहे. स्कॅनर असेल तर तोही आत्ताच तपासा, ज्या दिवशी तातडीने स्कॅन लागेल त्या दिवशी नको.

मराठी टायपिंगची सोय कीबोर्डच्या सेटिंगमध्येच आहे. मांडणी जोडली की एका कळीने भाषा बदलते. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायचं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे टायपिंगचं साधन लागतं. दोन्हीपैकी एकच बसवा, दोन असले की एकमेकांच्या पायात येतात.

अक्षर लहान वाटत असेल तर सगळा पडदा १२५ टक्के करण्याआधी फाँटच्या सेटिंगमधला 'टेक्स्ट स्केलिंग'चा आकडा १.२ करून बघा. अपूर्णांकातल्या स्केलिंगने काही यंत्रांवर चित्र किंचित धूसर होतं किंवा हालचाल जड होते. नुसतं अक्षर मोठं केलं की तो त्रास नाही. चित्रपट दाखवणाऱ्या सेवांसाठी फायरफॉक्समध्ये डीआरएमची (नक्कल रोखणाऱ्या कुलपाची) परवानगी द्यावी लागते, ती आधीच देऊन ठेवा. पट्टीवर चार-पाचच ॲप ठेवा: ब्राउझर, फाइल्स, रायटर, व्हिडिओ कॉल. बाकी मेनूत आहेतच.

थीम? मूळचीच ठेवा. तुम्हाला आवडलेली गडद थीम घरच्यांना 'पडदा बिघडलाय' वाटू शकते.

अपडेट कोणी लावायची

'अपडेट मॅनेजर'च्या सेटिंगमध्ये 'ऑटोमेशन' नावाचं पान आहे. तिथे अपडेट्स आपोआप लागू करणं, फ्लॅटपॅकची अपडेट्स, आणि जुने कर्नल व नको असलेली पॅकेजेस काढणं, हे तिन्ही चालू करा. आपोआप अपडेट धोक्याचं, असं म्हणणारे जाणकार भेटतील. एलटीएसवर येतात ती मुख्यतः सुरक्षेची आणि दोषदुरुस्तीची अपडेट्स. सहा महिने एकही न लावणं त्याहून धोक्याचं, आणि टाइमशिफ्ट पाठीशी आहेच. फक्त वापरणाऱ्याला एवढं सांगा की आठवड्यातून एकदा तरी संगणक पूर्ण बंद करून सुरू करायचा, कारण नवा कर्नल तेव्हाच लागू होतो.

बिघडलंच तर

अपडेटनंतर काळा पडदा आला, वाय-फाय गायब झालं, तर आधी जुना कर्नल वापरून बघा. संगणक सुरू होताना निर्मात्याचं चिन्ह दिसलं की एस्केप कळ एकदाच दाबा. सारखी दाबत राहिलात तर मेनूऐवजी नुसतं 'ग्रब' लिहिलेली ओळ येते आणि घाबरायला होतं. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन वरून दुसरा कर्नल निवडा ('रिकव्हरी' लिहिलेली ओळ वगळून). बऱ्याच वेळा यंत्र इथेच ताळ्यावर येतं. नाही आलं तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करा, तिथला टाइमशिफ्ट उघडा, त्याला आतली डिस्क दाखवा आणि बिघाडाच्या आदल्या दिवसाचा स्नॅपशॉट परत आणा. फोन करून विचारणाऱ्यालाही हे समजावता येतं, म्हणून तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कामाला वापरू नका, त्यावर चिठ्ठी चिकटवून संगणकाजवळच ठेवा.

लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो, ही तक्रार वेगळी. तेव्हा डिस्क शंभर टक्के भरली आहे का ते आधी पाहा. 'डिस्क युसेज ॲनालायझर' कुठे काय साचलंय ते चित्रात दाखवतो, आणि स्नॅपशॉटची संख्या जास्त ठेवलेली असेल तर बरेचदा उत्तर तिथेच असतं.

मोठी नवी आवृत्ती आली की लगेच उडी घेऊ नका. २२.१, २२.२ अशा मालिकेतल्या पायऱ्या अपडेट मॅनेजरच्या मेनूतून निर्धास्त चढता येतात. पुढची पूर्ण मालिका आली की मात्र दोन-तीन महिने जाऊ द्या, तिचा पेन ड्राइव्ह बनवून झाकणापासून प्रिंटरपर्यंतची सगळी परीक्षा पुन्हा घ्या, आणि सगळं पास झालं तरच बदला. जुन्या मालिकेची मुदत शिल्लक असेल आणि घरच्यांची तक्रार नसेल, तर तीही घाई नाही.